नाव ठेवायला शिकवणारे सर

पेणच्या बाजारात कुणी म्हात्रेसरांना अडवून विचारलं, "काय मास्तर, कॉम्प्युटर शिकवता म्हणे?" तर सर शांतपणे म्हणत, "नाय हो. पोरांना नाव ठेवायला शिकवतो."

विचारणारा गोंधळायचा. मग सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "नावं ठेवण्यात आपण सगळे पटाईत. नाव ठेवता येत नाय कुणाला. तेवढंच शिकवतो." आणि पुढं चालायला लागायचे, डाव्या हाताची बोटं दुकानांच्या कट्ट्यांना, फळ्यांना, सायकलींच्या सीटला हलकेच लावत. आम्हाला ती त्यांची लकब वाटायची. लहान मुलं कुंपणावरून काठी फिरवत जातात ना, तशी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचा कॉम्प्युटर क्लास होता पोह्याच्या पापडांच्या एका छोट्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात चपला काढायच्या, कारण आतल्या यंत्रांना धूळ चालत नसे. खालून पापडखार आणि मिऱ्यांचा वास वर यायचा आणि शेजारच्या गच्चीवर बायका पापड वाळत घालताना एकमेकींशी मोठ्यानं बोलायच्या. त्या वेळी बहुतेक मुलं टायपिंग नाही तर हिशेबाचं पॅकेज शिकायला येत. इंटरनेटसाठी वेब पानं तयार करायचा कोर्स सरांनी स्वतः हट्टानं सुरू केला होता. क्लासचे मालक देवधरकाका म्हणाले होते, "मास्तर, पेणमध्ये नेट आहे कुणाकडे?" सर म्हणाले, "येईल तेव्हा पोरं तयार पाहिजेत ना." मुंबईच्या फुटपाथवरून आणलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होतं. ते फाटून वेगळ्या झालेल्या गठ्ठ्यांत आमच्यात फिरायचं.

सर धरमतरच्या खाडीकाठच्या एका मिठागरी गावातले. वडील मिठागरावर राबलेले. सर शिकले, रोह्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात लागले, मग ती नोकरी सोडून शिकवायला आले. का सोडली ते कुणी विचारलं नाही. घर रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात. बायको तिथल्या शाळेत शिक्षिका. आठवड्यातले काही दिवस सर एसटीनं पेणला येत. उंच, किडकिडीत, नेहमी अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. शिकवताना पहिल्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर डावा हात ठेवून उभे राहत आणि त्या जागेवरून फारसे हलत नसत. बोलणं पुस्तकी नव्हतं. एखादी मुलगी अडली की विचारत, "काय गो, कुठं रुतलीस?" कॉम्प्युटरच्या वर्गात 'गो' ऐकून आम्हा पेणच्या मुलींना सुरुवातीला हसू आवरत नसे. नंतर त्या एका अक्षराची इतकी सवय झाली, की बाहेर कुणी नावानं हाक मारली तरी काहीतरी कमी वाटायचं.

जावास्क्रिप्ट, म्हणजे वेब पानाला कामं सांगायची भाषा, तिच्या पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठा 'क्ष' काढला.

"हा कोण?"

"चल," कुणीतरी शाळेतलं बीजगणित आठवून म्हणालं.

"बरोबर. ह्याला आपण वर्गाबाहेर काढतोय." त्यांनी तळहातानं तो पुसून टाकला. "क्ष हे काय नाव झालं? आज ठेवाल आणि चार महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाय की आत काय ठेवलेलं. चल म्हणजे नाव दिलेली जागा. नाव तेच राहतं, आतलं बदलतं. वैशाली, तुमच्या गावचा सरपंच कोण?"

वैशाली हमरापूरची. तिच्या घरी गणपतींचा कारखाना. तिच्या नखांच्या कडांना कायम सोनेरी रंग लागलेला. तिनं नाव सांगितलं.

"आणि त्याच्या आधी?"

तिनं दुसरं नाव सांगितलं.

"म्हणजे सरपंच हे नाव तेच, माणूस बदलला. नवा बसला की जुना उठला. एका खुर्चीत दोघं बसत नाहीत."

मागून संतोष म्हणाला, "सर, आमच्या खांबला बसतात."

वर्ग हसला, सरही हसले. हा संतोष खांब नावाच्या गावाहून यायचा. त्याचे वडील खांब ते कोलाड मिनीडोर, म्हणजे मोठी रिक्षा चालवायचे, आणि संतोषला प्रत्येक गोष्टीत एक शंका असायची. पुढच्याच आठवड्यात त्यानं वर्ग अडवला. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, की प्रवासी बरोबर प्रवासी अधिक एक.

"हे चूक आहे सर. कुठलाही आकडा स्वतःपेक्षा एकानं मोठा कसा असेल? गणिताच्या बाईंनी मारलं असतं मला."

तेवढ्यात वीज गेली. पडदे काळे झाले, पंखा थांबला. आम्ही वह्या मिटायला लागलो. सर म्हणाले, "बसा. वीज कॉम्प्युटरची गेलीय, आपली नाय."

त्यांनी वैशालीला पुढं बोलावलं. "तुझं नाव आता प्रवासी. तुझ्या मुठीत किती?"

"काहीच नाही."

"काहीच नाय म्हणजे शून्य. तसं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर यंत्र गोंधळतं. आता हे मधलं चिन्ह बघा. ह्याला 'बरोबर' म्हणू नका. 'घे' म्हणा. उजवीकडचं आधी करायचं, मग डावीकडच्या मुठीत द्यायचं. संतोष, तुझ्या बाबांची गाडी खांबच्या नाक्यावर उभी हाय. एक बाई चढली. वैशाली, मुठीत होतं किती?"

"शून्य."

"त्यात एक घाल. झाले किती?"

"एक."

"आता प्रवासी, घे." सरांनी खडूचा तुकडा तिच्या मुठीत ठेवला. "दुसरा चढला. होता किती? एक. त्यात एक. घे."

असं करत करत तिची मूठ खडूंनी भरली. संतोष उठून म्हणाला, "कळलं सर. म्हणजे जुनं बघायचं, त्यात भर घालायची आणि परत त्याच नावात ठेवायचं."

"मग अडलेलास कुठं?"

"बरोबरमध्ये."

"सगळे तिथंच अडतात," सर म्हणाले. "मीपण अडलेलो."

पुढं मी पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ मोठ्या लोकांकडून हेच ऐकलं. डबा म्हणून, खण म्हणून, पडद्यावर चित्रं काढून. पण अजूनही कुणा नवशिक्याला समजावताना माझ्या तोंडून 'घे' हाच शब्द जातो.

सरांची आणखी एक पद्धत होती. कुणाचं पान चालेनासं झालं, की ते पडद्याकडं येत नसत. जागेवरूनच म्हणत, "वाच." मग आपण लिहिलेली एकेक ओळ मोठ्यानं वाचायची, कंस आणि अर्धविराम धरून. सर मान खाली घालून ऐकत. मध्येच म्हणत, "थांब. आता 'एकूण'मध्ये किती?" आपण मागच्या ओळी शोधायला लागायचो. "मघाशी सात होते, त्यात तू दोन घातलेस. आता नऊ. पुढं वाच." दहा-बारा नावं आणि त्यांच्यातल्या बदलत्या किमती ते डोक्यात धरून ठेवत. आम्हाला वाटायचं, शिकवायची ही काहीतरी भारी पद्धत आहे. वाचताना आमची चूक आम्हालाच सापडे, हेही खरंच होतं.

वैशालीनं घरच्या गणपतींसाठी एक पान बनवलं होतं. शाडूच्या मूर्ती किती हव्या, प्लास्टरच्या किती हव्या, हे दोन चौकटींत लिहायचं आणि बटण दाबलं की एकूण आकडा यायचा. तिचे वडील मुद्दाम क्लासमध्ये ते बघायला आले, अंगावरचा रंगाचा सदरा तसाच. वैशालीनं एका चौकटीत बारा लिहिले, दुसऱ्या चौकटीत पाच आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, एकशे पंचवीस.

वडील पडद्याकडं बघत राहिले. म्हणाले, "एवढे गणपती कवा बनवायचे गो?"

वैशालीचे डोळे भरून आले. सर जागेवरूनच म्हणाले, "वाच." तिनं रडवेल्या आवाजात वाचलं. सर वडिलांना म्हणाले, "पोरीची बेरीज चुकली नाय हो. चौकटीत जे टाइप होतं ते यंत्र अक्षरं म्हणून घेतं. बारा आणि पाच ही अक्षरं समजून त्यानं शेजारी शेजारी चिकटवली. बाराला पाच जोडले, झाले एकशे पंचवीस. आधी त्याला सांगावं लागतं की बाबा, हे आकडे आहेत." मग वैशालीला म्हणाले, "दिसायला सारखं असलं तरी आत काय आहे ते विचारून घ्यावं गो."

तिनं एक ओळ बदलली. सतरा आले. वडील जाताना सरांच्या हातात हात देऊन उभे राहिले. सरांनी तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता आणि वडिलांच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत होते. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी आलं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. चहाच्या ग्लासात सर बोटाचं टोक बुडवून बघत. फळ्यावर लिहिणं हळूहळू बंद झालं होतं. संध्याकाळची बॅच त्यांनी देवधरकाकांना सांगून दुपारी आणली होती. एसटी स्टँडवर ते बोर्ड न वाचता कुणालातरी विचारत, "ही रोहा ना?" संतोष त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत जायला लागला. मला पान खायचंय, असं सांगायचा. खांबचा हा मुलगा पान कधीच खात नव्हता.

पावसाळ्यातली एक दुपार. बाहेर आभाळ दाटून आलेलं, वर्गात दिवे मंद. सरांनी एक प्रश्न विचारला आणि म्हणाले, "सुनीता, तू सांग."

सुनीता त्या दिवशी आलीच नव्हती. तिच्या खुर्चीच्या पाठीवर कुणाची तरी छत्री आणि ओढणी वाळत टाकली होती. सर त्या खुर्चीकडं बघत वाट पाहत होते. "घाबरू नको गो. चुकलं तरी सांग."

कुणीतरी हसलं. ते हसू मध्येच तुटलं. सरांच्या चेहऱ्यावरचं स्मित तसंच राहिलं होतं, पण कान टवकारल्यासारखी मान किंचित वळली. शेजारी बसलेल्या वैशालीनं उत्तर दिलं. आवाज कुणाचा ते त्यांना नक्कीच ओळखू आलं असणार. म्हणाले, "बरोबर आहे," आणि पुढचा मुद्दा सुरू केला.

त्यावर आम्ही आपसात काही ठरवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वैशाली जिन्यातून वर आली आणि दारातच म्हणाली, "सर, मी वैशाली आले." तिच्या मागून संतोष म्हणाला, "संतोष, सर." मग मी. मग प्रत्येक जण. सर पहिल्या कॉम्प्युटरवर हात ठेवून उभे होते. प्रत्येक नावाला त्यांनी मान हलवली. सगळे आल्यावर म्हणाले, "आज आपण जर-तरच्या अटी बघू." क्लास चालू होता तोवर रोज आम्ही असेच नाव सांगत आत गेलो.

त्या वर्षी गणपतीत सरांनी आम्हा काही जणांना गावी बोलावलं. खाडीच्या कडेला घर, मागं मिठागराचे चौकोन पाण्यानं भरलेले. ओट्यावर सरांचे वडील बसले होते. पांढऱ्या बुबुळांनी समोर बघत त्यांनी विचारलं, "कोन कोन आलाय?" आम्ही नावं सांगितली. त्यांनी ती एकेक करून परत म्हणून घेतली. सरांची आई मला आत पाणी देताना म्हणाली, "मिठानं डोले खाल्ले त्यांचे. उन्हात मीठ चमाकतं ना गो, त्यानं. याच्या आज्यालापन तसाच झालेला."

बाहेर सर हे ऐकत होते. मी ओट्यावर आल्यावर म्हणाले, "आई मिठाला दोष देते. मिठाचा काय संबंध नाय. आमच्या घराण्याचा आजार आहे. डोळ्याचा पडदा सुकत जातो. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं जातं, मग मधलं." एखादा धडा समजावावा तसं ते म्हणाले. "बाबांकडं बघतच मोठा झालो. मला कॉलेजातच कळलेलं. लग्न नको म्हणत होतो. पण ही ऐकेना."

ही म्हणजे माधुरीवहिनी. बुटक्या, गोऱ्या, भरभर चालणाऱ्या. त्या मोदकांचं ताट घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "मी सांगितलं, दिसत नसेल तेव्हा मी सांगेन काय दिसतंय ते. त्यात काय एवढं."

"आणि पोरींना येत नाय हे," सरांची आई आतून म्हणाली. "आमच्याकडं बाप्यांनाच झाला. पोरी सगल्या चांगल्या."

सरांना एकच मुलगी होती, सायली. शाळेत जायला नुकतीच लागलेली. परकर-पोलकं घालून ती अंगणात मुलांबरोबर पळत होती. मुलगी झाली म्हणून सरांनी आख्ख्या अष्टमीत बर्फी वाटली होती, असं वहिनी सांगत होत्या. लोकांना वाटलं, मुलगी झाली तरी किती आनंद करतोय हा माणूस. खरं कारण त्या दोघांनाच ठाऊक होतं.

दिवस मावळायला आला. अजून उजेड होता. मला खाडीपलीकडची झाडं दिसत होती. आतून आरतीची हाक आली. मुलं अंगणातून ओट्याकडं धावली. वाटेत एक घमेलं पडलं होतं, चांगलं मोठं, चुन्यानं पांढरं झालेलं. सगळी मुलं त्याला वळसा घालून आली. सायली थेट त्याच्यावर गेली आणि पडली. रडली नाही. उठली, हात पुढं केले, चाचपत दोन पावलं आली आणि ओट्याच्या कडेला अडखळली.

"बघून चाल गो," आजी म्हणाली.

"बघत होते मी," सायली म्हणाली.

घमेल्याचा आवाज सरांनी ऐकला होता. ते उठून उभे राहिले. "माधुरी, उजेड हाय का अजून?" त्यांनी विचारलं.

वहिनींच्या हातात आरतीचं तबक होतं. त्यांनी आभाळाकडं बघितलं, सायलीकडं बघितलं. "आहे," त्या म्हणाल्या. "आहे अजून."

आरती सुरू झाली. सर टाळ्या वाजवत नव्हते. एका हातानं त्यांनी सायलीचं मनगट धरून ठेवलं होतं आणि ती दुसऱ्या हातानं बापाच्या मांडीवर ताल धरत होती.

गणपती गेल्यावर सर, वहिनी आणि सायली मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडं जाऊन आले. काय झालं ते आम्हाला देवधरकाकांकडून कळलं. पोरींना येत नाही ही नुसती घरातली समजूत होती. सायलीलाही तेच होतं आणि सरांपेक्षा लवकर सुरू झालं होतं. औषध नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, नजर आहे तोवर तिला भरपूर बघू द्या.

सर परत आले तेव्हा नवी बॅच सुरू होत होती. आमचा कोर्स संपला होता, तरी आम्ही दोघं-तिघं मागं बसायला जात असू. सरांनी क्ष काढला नाही, कारण ते आता फळ्याकडं जात नव्हते. पण तोंडी सगळं तेच सांगितलं. नाव दिलेली जागा. नाव तेच, आतलं बदलतं. सरपंच. नवी मुलं हसली. मग मिनीडोर आली. एका नव्या मुलीला त्यांनी पुढं बोलावलं, तिचं नाव प्रवासी ठेवलं, मुठीत शून्य दिलं.

"एक बाई चढली. होते किती? शून्य. त्यात एक. प्रवासी, घे."

त्यांनी खडू पुढं केला. ती मुलगी लहानखुरी होती. तिनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. सरांची बोटं त्या छोट्या ओंजळीला लागली आणि ते थांबले. खडू त्यांच्या हातात तसाच राहिला. मुलगी त्यांच्याकडं बघत होती. शेजारच्या गच्चीवर बायका पापड उलटत काहीतरी बोलत होत्या, तेवढंच ऐकू येत होतं.

"संतोष आलाय का?" सरांनी विचारलं.

"आहे सर."

"पुढचं तू सांग. मी जरा बाहेर आहे."

ते भिंतीला हात लावत गॅलरीत गेले. संतोषनं खडू उचलला आणि जमेल तसं शिकवलं. चांगलं शिकवलं. शंका काढणारा मुलगा असल्यामुळे कुठं अडेल ते त्याला ठाऊक होतं. तास संपल्यावर मी गॅलरीत गेले. "सर, मी आहे," म्हटलं.

सर कठड्याला टेकून उभे होते. मग म्हणाले, "माझं मी पचवलेलं गो. लहानपणापासून माहीत होतं, तयारी होती. सायलीची तयारी नव्हती केली मी. ती मुलगी म्हणून सुटली, असंच धरून चाललो होतो." थोड्या वेळानं म्हणाले, "ती आता सगळं दाखवते मला. बाबा, हे बघा, ते बघा. मला दिसत नाय, तरी बघतो. तिला वाटतं, मी तिच्याएवढंच बघतो."

मी तिथंच उभी राहिले.

महिनाअखेरीस त्यांनी पेणचा क्लास सोडला. देवधरकाका त्यांना राहा म्हणत होते, बसून तोंडी शिकवा म्हणत होते. सर म्हणाले, "काका, जेवढे दिवस तिला दिसतंय तेवढे दिवस मला तिच्याजवळ राहायचंय." त्यांचं ते जाड पुस्तक त्यांनी संतोषला दिलं. संतोष पुढं त्याच क्लासमध्ये शिकवायला लागला. निरोपसमारंभ वगैरे सरांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी जिन्यात चपला शोधताना त्यांना वेळ लागत होता. वैशालीनं खाली बसून त्या त्यांच्या पायांपुढं ठेवल्या. सर म्हणाले, "कोण, वैशाली का? मूर्ती निघाल्या का यंदा वेळेवर?" ती हो म्हणाली. मग पापडांच्या कारखान्यासमोरून, संतोषच्या दंडाला धरून ते स्टँडकडं गेले.

पुढल्या उन्हाळ्यात मला मुंबईत वेब पानं करण्याचीच नोकरी लागली. सरांना सांगावं म्हणून पेढे घेऊन रोह्याला गेले. अष्टमीला त्यांचं घर विचारत विचारत पोचले. दुमजली चाळीसारखी इमारत, बाहेरून दगडी जिना. दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं. खाली वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

जिन्याच्या मध्यावर सर उभे होते. त्यांच्या वरच्या पायऱ्यांवर सायली. डोळे घट्ट मिटलेले, इतके की नाकाला सुरकुत्या पडल्या होत्या. एक हात भिंतीवर. ती खाली उतरत होती.

"आधी पायाला विचारायचं, मग वजन टाकायचं," सर सांगत होते. "घाई नाय. भिंत कुठं पळून जात नाय."

"काय खेळ आहे हा?" मी हळूच विचारलं.

"तिला खेळच म्हणून सांगतात," वहिनी म्हणाल्या. "रोज खेळतात. जिना, नदीची वाट, शाळेची वाट. तिला अजून काही सांगितलेलं नाही." त्यांनी चिमटा दोरीला लावला आणि तोच काढून परत लावला. "तिला आवडतो खेळ. बाबा हरतच नाहीत, म्हणते."

सायलीचा पाय पायरीच्या कडेवर डगमगला. तिनं एक डोळा किलकिला केला.

"उघडलास," सर म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाय लगेच शहाणा झाला तुझा. परत वर जा."

ती हसत वर पळाली, उघड्या डोळ्यांनी, उन्हातून, अगदी सहज. वरच्या पायरीवर उभी राहून तिनं कमरेवर हात ठेवले. "बाबा, हे बरोबर नाही. मी एकटीच मिटते. तुम्ही उघडे ठेवता. आता तुम्हीपण मिटा."

वहिनींचा हात दोरीवरच थांबला.

"बरं," सर म्हणाले. त्यांनी तिच्याकडं तोंड करून, तिला नीट दिसेल असे, दोन्ही डोळे मिटले.